सात नंबरच्या बसचा मूळ रंग

ज्या वर्षी आमच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या मंडळाने एक सत्य ठरावाने मंजूर केलं: माणसाच्या हातून लागलेला पहिला रंग चुकीचाच असतो. दुसऱ्या रंगाबद्दलही मंडळाचं मत फारसं वेगळं नाही.

मंडळ छोट्या गाड्यांच्या नमुन्यांचं. सभा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते. सभासद चार. माझे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, अध्यक्ष. ते आमच्याकडेच राहत आणि त्यांनी सात नंबरची बस बावीस वर्षं चालवली होती. त्याच बसवर तिकिटं फाडणारे कंडक्टर उपाध्यक्ष. तिच्यातून रोज दुकानात जाणारे शिंपी साहित्यप्रमुख. मी चिटणीस. (मी चाळिशीनंतर लिहायला शिकलो. अक्षरं हळू काढतो, त्यामुळे ती वाचता येतात. बाकीच्या तिघांचं शिक्षण वेळेवर झालं होतं.)

मेव्हण्यांनी त्या बसचा वीतभर लांबीचा प्लास्टिकचा नमुना जोडला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून त्यांना एक वर्ष सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पुष्कळ झालं. एकदा ती पूर्ण रंगलेली बघितली की सुटलो." वर्षभरात एक वीतभर बस रंगवून होणार नाही, असं मानायला काहीच कारण नव्हतं. पण त्यांनी रंगाचा विषय मंडळापुढे ठेवला.

बस हिरवी होती, याबाबत मंडळात पूर्ण एकमत आहे. कंडक्टरांच्या मते ती पोपटी होती. शिंप्यांच्या मते शेवाळी. ("जन्मभर कापड ओळखलंय, मला नका सांगू.") मेव्हण्यांच्या मते उन्हात धरलेल्या बाटलीसारखी. चिटणिसाला मत नसतं.

त्यामुळे लागलेला प्रत्येक रंग कुणाच्या ना कुणाच्या मते चुकीचा ठरे आणि तो काढावा लागे. त्याची कार्यपद्धती मी लिहून भिंतीवर लावली. नमुना काचेच्या बरणीत, फरशी पुसायच्या औषधात एक दिवस बुडवावा. झाकण घट्ट लावावं (वासाबद्दल घरच्यांशी चर्चा करू नये). मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासावा. ब्रश जुना असल्याची खात्री त्याच्या मालकाकडून करून घ्यावी. हे शेवटचं कलम दोन दिवस राहायला आलेल्या जावयांच्या विनंतीवरून नंतर जोडलं.

नऊ महिन्यांत बस पाच वेळा रंगली आणि पाच वेळा उतरली. फरशीचं औषध अकरा बाटल्या, टूथब्रश नऊ (पैकी जुने तीन). या काळात आमच्या घरातली फरशी साध्या पाण्यावर राहिली; बस मात्र इतकी स्वच्छ डेपोतही कधी नव्हती.

सहाव्यांदा रंग लागला तेव्हा मेव्हणे खुर्ची ओढून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

"हीच," ते म्हणाले.

कंडक्टरांनी मान तिरकी केली. "मागनं जरा गर्द झालीय का हो?"

"मागं तुम्हीच उभे असायचात. तुम्हाला ठाऊक," मेव्हणे म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बरणी पुढे ओढली.

मला ती अगदी बरोबर वाटली होती. मी तसं बोललो नाही. इतिवृत्तात 'फेरविचार आवश्यक' असं सुवाच्य लिहिलं.

बरणी रिकामी होती. बायकोने औषधाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. मी किल्ली मागितली.

"दादाला बस बघायची आहे," ती म्हणाली. "रंग काढलेली नाही, लावलेली. तुमच्यातल्या एकाला तरी हे कळतंय का?"

मी तिला म्हणणं लेखी द्यायला सांगितलं. किल्ली मिळाली नाही.

साहित्यप्रमुख म्हणून शिंप्यांनी घरी जाऊन सुनेची नेलपॉलिश काढायची बाटली आणली. 'नवं द्रावण आधी एका चाकावर थेंबभर लावून पाहावं' हे कलम मी मांडलं होतंच, पण ते पुढच्या सभेत मंजूर व्हायचं होतं. नेलपॉलिशचं औषध रंग आणि प्लास्टिक असा भेदभाव करत नाही. दहा मिनिटांत छप्पर खाली बसलं, खिडक्या ओघळल्या आणि बस डाव्या अंगावर कलली.

मेव्हण्यांनी ती चिमट्याने उचलली, फिरवून पाहिली आणि त्यांना धाप लागेपर्यंत हसू आलं.

"शेवटच्या वर्षी मी हीच चालवत होतो," ते म्हणाले. "कंडक्टर, ओळखलीत का?"

"दार असंच होतं," कंडक्टर म्हणाले. "मी दोरीनं बांधायचो."

मंडळाच्या इतिहासातलं हे दुसरं एकमत. बस वाळली. मेव्हण्यांनी रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला. तेवढ्यात शिंप्यांनी विचारलं, शेवटच्या वर्षीचा हिरवा म्हणजे उन्हानं विटलेला हिरवा ना? मुद्दा रास्त होता. मेव्हण्यांनी ब्रश पुसून ठेवला. मी उपसमिती नेमल्याची नोंद केली. उपसमितीचं काम समाधानकारक चालू आहे.

हे सगळं तुम्हाला पोरकट वाटलं असेल. पण वाचता वाचता तुमच्याही मनात एक हिरवा ठरून गेला आहे, आणि बाकीचे चुकतात अशी तुमची खात्री आहे. मंडळाला तेवढी पात्रता पुरते. अर्ज चिटणिसाकडे द्यावा. जागा एकच आहे. माझे मेव्हणे अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी वारले.