कोठीतलं फोल्डर

ज्या वस्तूवर 'माझं' असं लिहिलेलं असतं, ती वस्तू सहसा दुसऱ्याच्या घरी असते. सान हासिंतो नगरपालिकेने हे सत्य संगणकावर सिद्ध केलं आहे. मी तिथला बावीस वर्षांपासूनचा कारकून, त्यामुळे मला त्याचा अभिमान आहे.

आमच्या प्रत्येकाच्या संगणकावर 'माझे दस्तऐवज' नावाचं फोल्डर दिसतं. नुसतं दिसतं. मुळात ते नेटवर्कवरच्या एका मोठ्या संगणकात असतं. निवडणूक हरल्यावर माजी नगराध्यक्ष डॉन एवेलियो यांनी प्रथेप्रमाणे आपलं सामान घरी नेलं: दोन पंखे, पाहुण्यांच्या खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ आणि तो मोठा संगणक. (घर चौकापलीकडे, उताराच्या तळाशी, नदीला लागून. तार त्यांच्याच काळात ओढलेली होती. ती कापण्याचा ठराव विचाराधीन आहे.) तेव्हापासून तेहेतीस कर्मचाऱ्यांचे दस्तऐवज त्यांच्या कोठीत मक्याच्या पोत्यांमागे सुखरूप आहेत.

कोठीत प्लग मात्र एकच. त्यावर त्यांच्या पत्नी दोन्या त्रान्सितो चारामुस्कांचा फ्रीजर लावतात. पिशवीत गोठवलेलं हे सरबत गावाला प्रिय आहे, त्यामुळे फ्रीजर चालू आणि नगरपालिका बंद, हेच बहुमताला मान्य होतं.

सप्टेंबरात राजधानीतून पुराच्या भोंग्याचा प्रोग्राम आला. तो बसवायला घेतला की बारा टक्क्यांवर अडायचा: 'फोल्डर सापडत नाही.' नदीकाठच्या खालच्या वस्तीत माझी आई राहते. मला त्या बारा टक्क्यांची भीती वाटू लागली.

इंजिनिअर मिल्टन आले. त्यांनी संगणक बंद करून चालू केला, धूळ फुंकली, प्रोग्रामला नावं ठेवली. प्रयत्न चौदा, यश शून्य, कॉफी एकसष्ट कप. फोल्डरचा पत्ता आपल्याच संगणकावर परत वळवणं हे दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी फोल्डर बाहेर गेल्याचं लेखी मान्य करावं लागतं. नवे नगराध्यक्ष डॉन रिगोबेर्तो सही करेनात.

"फोल्डर नगरपालिकेचं आहे, म्हणजे ते नगरपालिकेतच आहे. नीट शोधा! आणि त्या घराची पायरी आपला माणूस चढणार नाही, सांगून ठेवतो."

आम्ही दोन दिवस शोधलं. (कपाटांतही.)

ऑक्टोबरात सलग तीन दिवस पाऊस पडला, तेव्हा मी मागच्या दाराने गेलो. मागच्या दाराला पायरी नाही.

"दोन्या त्रान्सितो, चाळीस मिनिटं प्लग द्या हो."

"चाळीस? अरे, पाणी होईल माझ्या चारामुस्कांचं! तुझा साहेब का नाही आला? पाय मोडलेत का त्याचे?"

"आई खाली राहते माझी."

 दोन्या त्रान्सितो फ्रीजरची वायर ओढून संगणकाची लावत म्हणाल्या, "पळ. वितळल्या तर तूच खायच्या सगळ्या."

मी नगरपालिकेत पळालो आणि प्रोग्राम सुरू केला. तो एकाहत्तर टक्क्यांपर्यंत गेला आणि थांबला. कोठीत नदी शिरली होती. मी खिडकीशी धावलो, तर दोन्या त्रान्सितो विक्रीचा कर्णा घेऊन खालच्या वस्तीकडे निघालेल्या.

"चारामुस्का फुकट! वर चौकात या, आत्ताच्या आत्ता! नंतर आलात तर मिळणार नाही!"

पुराच्या सूचनेने घराबाहेर न पडणारी दोनशे बारा माणसं सात मिनिटांत चौकात आली. सर्वांत पुढे माझी आई, हातात पातेलं घेऊन. तिला पाहून मी रडलो, हे कबूल करतो. अर्ध्या तासात वस्ती पाण्याखाली गेली.

अहवालात नोंद आहे: भोंगा एकाहत्तर टक्के कार्यान्वित, जीवितहानी शून्य, कामगिरी समाधानकारक. दोन्या त्रान्सितोंना चौकात विनापरवाना विक्रीची नोटीस गेली. मोठा संगणक नदीने समुद्राकडे नेला. डॉन रिगोबेर्तो अजूनही म्हणतात, फोल्डर नगरपालिकेतच आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या आईचे फोटो, घराचे कागद कुठे आहेत, सांगा बघू? 'माझ्या फोनमध्ये'? आमचे नगराध्यक्षही अगदी असंच बोलतात. आम्हाला निदान ठाऊक होतं, प्लग कुणाच्या हातात आहे ते.