दोन दांड्यांचा तवा

"खूण मनाने काढू नकोस, थेल्डा. आधी नोंदवही बघ," वडील सांगायचे. आमच्या वायोमिंगमध्ये ज्याच्या त्याच्या गुरांच्या पुठ्ठ्यावरची डागणीची खूण सरकारदरबारी नोंदलेली असते. पण मी पडले चौदा विनोदी काउबॉय कादंबऱ्या लिहिलेली बाई. मला कसली नोंदवही? एक बावळट गुरेचोर रंगवला, त्याला दोन दांड्यांच्या तव्याची खूण बहाल केली, आणि प्रकाशकाने ती मुखपृष्ठावर बशीएवढी छापली.

मंगळवारी सकाळी शेजारचा एमस क्विलन पुस्तक घेऊन दारात.

"थेल्डाबाई, ही माझी खूण आहे. आजोबांपासूनची."

"योगायोग असेल."

"लिलावात लोक विचारतात, एमस, ही गुरं कुठून उचललीस? खुणांच्या सरकारी तपासनिसाने चाळीस गाई अडवल्या, कारण त्याच्या बायकोने तुमचं पुस्तक वाचलंय. शनिवारी उरलेला कळप विकायचाय. कुणी बोलीच लावली नाही, तर हिवाळाभर गुरांना काय घालू? तुमच्या कादंबऱ्या?"

दुपारपर्यंत कुणाला कठोर बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. घड्याळात साडेआठ. अंगाची लाही लाही होत होती, आणि राग आला की माझा आवाज आणखीच बारीक होतो. तपासनिसाच्या बायकोवरचा राग तर विचारू नका. पुस्तक तिने विकत न घेता वाचनालयातून आणलं होतं.

"हे बघ एमस," मी कुजबुजले, "दोन दांड्यांचे तवे जगात काय थोडे आहेत? मला ही खूण देवाने सुचवली."

"कुठे बसून?"

मी लिहायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. एमस तिथे जाऊन बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मीही वाकून पाहिलं. कुंपणापलीकडे त्याची गाय पाठमोरी रवंथ करत होती. पुठ्ठ्यावर तवा. दोन दांड्या.

अकरा वर्षं मी त्या पुठ्ठ्यांकडे बघत प्रेरणेची वाट पाहत होते.

स्वतःला शिव्या घालायला व्रताची आडकाठी नव्हती. मनातल्या मनात भरपूर घातल्या.

"शनिवारी लिलावात येते. सगळ्यांसमोर सांगते. शब्द देते तुला."

"सांगू नका. तुमचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. पाटी आणा. आणि कळपाच्या पुढे चाला."

शनिवारी प्रार्थना आटोपून मी खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : 'खूण एमसची. चोरी माझी.'

चौदा पुस्तकांत एवढं थोडक्यात मला कधी लिहिता आलं नव्हतं. पाटी काखोटीला मारली आणि एमसच्या फाटकाकडे चालू लागले.