किटलीचा गुडघा

"माझ्या कापडाला काही सांगावं लागत नाही. दुखणं कुठे आहे, ते त्याचं त्याला कळतं!"

हे वाक्य सूनबाईंनी सकाळी आरशाला ऐकवलं, मग नवऱ्याला, आणि गाडीत बसल्यावर सासूबाईंना. आज त्यांच्या प्रयोगशाळेची परीक्षा होती. तपासायला येणाऱ्या समितीने मान डोलावली तर काम पुढे चालू. नाहीतर भट्टी थंड, दाराला कुलूप आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

आता या बाईंचं काम काय, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा घोटाळा गोड लागेल. त्या चिनी मातीचे पोकळ मणी भाजत. मणी कसले, त्यांच्यापुढे मोहरी म्हणजे कलिंगड! प्रत्येकाच्या पोटात बधिर करणारं औषध, तोंडाला मेणाचं बूच. असे मणी धाग्यात बसवून त्यांनी गुडघ्यावर चढवायची पट्टी विणली होती. सुजलेला गुडघा गरम असतो. त्या उबेने मेण वितळणार, औषध झिरपणार, कळ थांबणार. संत जसे न बोलावता दुःखिताच्या दारी जातात, तशी ही पट्टी!

आणि गुडघा? तो सासूबाईंचा. सुनेसाठी त्यांनी तो आनंदाने दिला होता.

"आई, मी हाक मारली की पट्टी चढवून यायचं, बसायचं आणि थोड्या वेळाने चालून दाखवायचं. तोवर चहाचं बघाल ना?"

"बघते की. पण इथे केवढं गार करून ठेवलंय गं! माझा गुडघा पार बर्फ झालाय. चालेल का तुझी पट्टी?"

"चालेल हो. तिला फक्त ऊब लागते."

"ऊब मिळाली की झालं ना?"

"झालं!" असं म्हणून सूनबाई मागे वळून न बघता बैठकीच्या खोलीत पळाल्या. माणसाने देवाचं नाव घेताना घाई केली तरी तो रागावत नाही. पण सासूला उत्तर देताना घाई करू नये.

समिती आली. अध्यक्षांना सगळे मागून 'करवत' म्हणत. त्यांच्या जिभेने भल्याभल्यांच्या प्रयोगशाळा उभ्या चिरल्या होत्या. सोबत एक डॉक्टरीणबाई आणि चहा न पिणारे एक हिशेबनीस. सासूबाईंनी भरलेले कप आणून ठेवले. डॉक्टरीणबाईंनी एक घेतला. करवतीने एक संपवून दुसरा घेतला.

"चहा उत्तम. आता तुमचा पहिला आवेख... आवेव..."

अध्यक्ष थांबले. त्यांनी जीभ तोंडात फिरवून पाहिली. ओठाच्या कोपऱ्यातून चहा टायवर ओघळला.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "हात वर करा! आता हसून दाखवा!"

अध्यक्षांनी हात वर केले. हसू काही येईना.

"यांना हसता येत नाहीये! अर्धांगवायूचा झटका आलाय!"

"ते कधीच हसत नाहीत," हिशेबनीस म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पण एव्हाना त्यांचीही जीभ चामड्याचा तुकडा झाली होती. "लुव्व... लुव्व..." पलीकडच्याने "शुद्धीत आल्यावर फोन करा" म्हणून ठेवून दिला.

"दोघांना एकदम झटका?" हिशेबनिसांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढली. "पसरतो की काय हा?"

सूनबाई पाणी आणायला धावल्या आणि चहाच्या खोलीच्या दारातच थबकल्या. टेबलावर किटली होती. किटलीने गुडघ्याची पट्टी घातली होती! पार तोटीचं तोंड झाकेल अशी.

"आई! हे काय?"

"तापत ठेवलीय. म्हटलं, ऐन वेळी तुझी फजिती नको. चहा जरा तिच्यातूनच गाळला गेला, पण स्वच्छ आहे हो पट्टी, माझ्याच गुडघ्याची."

क्षणभर सूनबाईंच्या मनात आलं, गप्प बसावं. अर्ध्या तासात उतरेलच, गारठ्यावर ढकलू! पण आत हिशेबनीस अध्यक्षांच्या घरी फोन लावत होते. तिकडे बिचाऱ्या बायकोचा जीव जायचा. देवाला स्मरून त्या आत शिरल्या.

"थांबा! झटका नाही. चहातून माझं औषध गेलंय तुमच्या पोटात. चूक माझी. अर्ध्या तासात जीभ परत येईल."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःची आणि अध्यक्षांची नाडी पाहिली आणि हुश्श करून बसल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी आता चालून दाखवू का?"

रिकामी झालेली पट्टी चढवून सासूबाई दोन पावलं चालल्या. गुडघा कडकड वाजला. "आई गं! काडीचा फरक नाही!"

मग अर्धा तास समिती बसून राहिली. करवत इतका वेळ गप्प बसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"बाई, औषध पोचतं, याबद्दल समितीला शंका उरलेली नाही. पत्ता तेवढा सुधारा. सहा महिने देतो. पट्टीला गुडघा आणि किटली यांतला फरक शिकवा!"

परतताना सूनबाईंनी गाडीच्या आरशात पाहिलं. सकाळचं वाक्य त्याला ऐकवायची मात्र आता सोय उरली नव्हती. सासूबाईंनी त्यांच्या मांडीवर थोपटलं.

"खट्टू कशाला होतेस? तुझ्या कापडाला कळतं गं सगळं. सगळ्यांचं दुखणं जिथे होतं, तिथेच बरोबर गेलं की ते! त्या माणसाची जीभ अर्धा तास बंद!"

सूनबाई हसल्या.

"आता गाडी औषधाच्या दुकानाशी थांबव," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्याला लावायला साधं मलम घेऊ."