शंभर ऑक्टेन

मोटरसायकल दोन गोष्टींवर चालते: पेट्रोल आणि लोकांची मतं. पैकी पेट्रोल संपतं.

बोर्ली पंचतनच्या अंबाजीची सतरा वर्षं जुनी गाडी ॲक्सिलरेटरवरचा हात सैल सोडला की बंद पडू लागली, तेव्हा हा विषय नाक्यावरच्या चहाच्या टपरीत रीतसर दाखल झाला. अंबाजी कुणाचा शब्द न मोडणारा माणूस. एकाने सांगितलं, हवा कमी पडतेय. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अर्धा फेरा सैल झाला. दुसरा म्हणाला, हवा जास्त होतेय. तोच स्क्रू अर्धा फेरा आवळला गेला. आठवड्याभरात अकरा तज्ज्ञांनी तो तेवीस वेळा फिरवला (पैकी चौघांकडे बॅटरीची स्कूटर आहे, एकाकडे सायकल). गाडी आणखी बिघडली, यावरून रोग जुनाट असल्याचं सिद्ध झालं.

शेवटी टपरीवरच्याच निकेशने निकाल दिला. "काका, तुमचं पेट्रोल साधं हाय. शंभर ऑक्टेनचं घाला."

ऑक्टेन म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. शंभर म्हणजे पैकीच्या पैकी, एवढं सगळ्यांना शाळेपासून ठाऊक होतं. नवी मुंबईहून डबा आला. टाकीत ओतताना अंबाजीने चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीची, पूनमची, म्हसळ्याला बालवाडीच्या बाईंच्या जागेसाठी मुलाखत होती. अकरा वाजता.

"बाबा, मी एसटीनं जाते."

"एसटीत साधं डिझेल असतंय," अंबाजी म्हणाला. "बस मागं."

घाटातल्या तिसऱ्या वळणावर शंभर ऑक्टेन बंद पडलं. अंबाजीने घाम फुटेपर्यंत किका मारल्या.

"पेट्रोल महागाचं हाय, हे इंजिनाला म्हाईत हाय का?" पूनमने विचारलं आणि बापाच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. स्क्रू हलक्या हाताने पुरता आवळला, मोजून दीड फेरा सैल केला. गाडी चालू झाली. मग तापल्या इंजिनावर जरासा मागेपुढे करून तिने आवाज एकसारखा लावला. असल्या साध्या इंजिनाला शंभर ऑक्टेनचा काही उपयोग नसतो, हेही सांगितलं. अंबाजीने ऐकून घेतलं. घाटात दुसरं मत उपलब्ध नव्हतं.

"आधी का न्हाय बोललीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही नाक्यावर निघाला होतात."

स्क्रूड्रायव्हर म्हसळ्यापर्यंत पूनमकडेच राहिला.

पूनमचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं जात असताना ती काळ्या हातांनी आत शिरली. एखादं मूल रडायचं थांबत नसेल तर काय कराल, असं तिला विचारलं गेलं.

"आधी भोवतीची माणसं बाजूला करीन," ती म्हणाली. जागा तिला मिळाली.

संध्याकाळी अंबाजीने टपरीवर स्वच्छ सांगितलं, गाडी पूनमने नीट केली. त्यावर चर्चा होऊन एकमताने ठरलं, की ऑक्टेन अंगात भिनायला एक दिवस लागतो.

आपण अर्थातच त्या टपरीवरचे नाही. आपण शांतपणे वाचलं, हसलो, आणि एवढंच नेमकं लक्षात ठेवलं: दीड फेरा. तो आकडा अंबाजीच्या गाडीचा आहे. पण उद्या कुणाची गाडी अडली, की आपण तो सांगणार.