दुसरा गिअर सुटतो

फुर्बा मिस्त्री हात पुसायला चिंधी शोधत आतल्या खोलीत गेला आणि नरध्वज राईने खिशातून बायकोची नेलपॉलिशची बाटली काढली. समोर गोणपाटावर गिअरबॉक्सचा सगळा संसार मांडलेला होता. दातेरी चाकं, शाफ्ट, बेअरिंगं, आणि एका ॲल्युमिनियमच्या वाडग्यात रॉकेलमध्ये बुडवलेले छर्रे नि स्प्रिंगा. नरध्वजने भराभर प्रत्येक वस्तूवर एक-एक लाल ठिपका दिला. बोटाच्या पेराएवढ्या स्प्रिंगासुद्धा पुसून, ठिपका देऊन, फुंकर मारून परत वाडग्यात टाकल्या. फुर्बा बाहेर आला तेव्हा तो छपराकडे बघत शीळ घालत होता.

"दाजू, कसला वास येतोय?" फुर्बाने विचारलं. इकडे सगळेच एकमेकांना दाजू, म्हणजे दादा, म्हणतात.

"तुझ्या रॉकेलचा."

"रॉकेलला बायकांच्या शृंगाराचा वास कधीपासून यायला लागला?" फुर्बाने नाक मुरडलं आणि पाना उचलला.

फुर्बा तमांगने आजवर कुणाच्या गाडीतला साधा नटसुद्धा चोरला नव्हता. नरध्वजला नेमका याचाच संशय होता. इतकी वर्षं एक नटही न चोरणारा माणूस कशाची तरी मोठी वाट बघत असणार! नरध्वजचा स्वभावच तसा. मानेभंज्यांगच्या बाजारात धुकं जरा जास्त वेळ रेंगाळलं तरी त्याला वाटायचं, यामागे कुणीतरी आहे.

गाडी त्याच्या बापाने चहामळ्याच्या साहेबाकडून घेतलेली लँडरोव्हर. संदकफूच्या चढावर अजून असल्याच म्हाताऱ्या गाड्या धावतात, आणि म्हाताऱ्यांना खोड्या असतातच. हिची खोड म्हणजे दुसरा गिअर. चढावर वळण आलं, पाय जरा सैल झाला, की खट् करून गिअर सुटायचा आणि गाडी मागे घरंगळायची. लग्नानंतर इंद्रकला पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा हा गिअर सुटला. ती शेजारी बसली होती. तिने किंचाळत दांडा धरला, तो आजतागायत धरलाच होता. पुढची सीट तिची, आणि चढ संपेपर्यंत गिअरच्या दांड्यावर हातही तिचा.

मध्यंतरी कोलकात्याच्या एका बाबूने तिला मागून विचारलं, "दीदी, तुम्ही ते सोडलं तर काय होईल?"

"तुम्ही नेपाळात उतराल," इंद्रकला डावीकडच्या दरीकडे हनुवटी करून म्हणाली. "गाडीसकट."

बाबू तिथेच उतरला आणि चालत परत गेला. त्याची तक्रार गाडीवाल्यांच्या समितीकडे आली. समितीचा सेक्रेटरी सुब्बा याने नरध्वजला बाजूला घेऊन सांगितलं, "दाजू, गिअर धरायला माणूस लागतो असली गाडी लाइनीत ठेवता येणार नाही. महिनाअखेर मी स्वतः बसून बघतो. सुटला तर नंबर गेला."

नंबर गेला म्हणजे पाशिंजर गेले, आणि चूलही गेली. शिवाय रिकाम्या नंबरावर लाइनीबाहेरचा गाडीवाला टीकाराम छेत्री कधीचा टपून बसला होता. चाचणीची गोष्ट नरध्वजने कुणालाच सांगितली नाही. फुर्बाला सांगितली तर तो टीकारामला सांगेल. बायकोला सांगितली तर ती बहिणीला सांगेल, बहीण बाजाराला, आणि बाजार टीकारामला. इंद्रकलेला तो एवढंच म्हणाला, "नवा गिअरबॉक्स बसवतोय. आता दुसरा सुटणार नाही. तू आरामात घरी बस, पुढच्या सीटवर पाशिंजर घेईन."

"बरं," इंद्रकला म्हणाली.

नवा म्हणजे सिलिगुडीच्या भंगारातून आणलेला, एका देशी जीपचा. गाडीला तो कुठूनच बसत नव्हता. इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. दोघांची सोयरीक जुळवायला फुर्बाने जाड लोखंडी चकती कापली, तिला एका बाजूने इंजिनाची भोकं पाडली, दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सची. शाफ्ट दार्जिलिंगला लेथवर नेऊन आखूड केला. जुन्या बॉक्समधली धड राहिलेली चाकं नव्यात घातली. दांडा वीतभर मागे आला म्हणून गाडीच्या तळाचा पत्रासुद्धा कापला. हे सगळं चालू असताना नरध्वज तिथे स्टूल टाकून बसला होता. नजर फुर्बाच्या हातांवर.

दुपारी इंद्रकला डबा घेऊन यायची. भात, गुंद्रुकचं म्हणजे आंबवलेल्या पाल्याचं सार आणि बाजूला एक गोल, जहाल डल्ले मिरची. नरध्वज ताटाकडे न बघताच जेवायचा. एकदा अख्खी डल्ले चावली, डोळ्यांतून धारा लागल्या, पण नजर फुर्बाच्या हातांवरून हलली नाही. इंद्रकला वाडग्यापाशी उकिडवी बसून माशा वारत होती.

"यातलं गिअर धरून ठेवतं ते कुठलं हो?" तिने विचारलं.

"ही स्प्रिंग," फुर्बाने दाखवली. "ही छर्ऱ्याला दाबते आणि छर्रा गिअरला धरतो. एवढीशी आहे, पण हिच्यात दम पाहिजे."

"म्हणजे माझंच काम करते."

"तिला माहिती देऊ नकोस," नरध्वज नाक ओढत फुर्बाला म्हणाला. मग बायकोला, "आणि तू हात लावू नकोस, रॉकेल लागेल."

त्याच दुपारी टीकाराम आला. न बोलावता! "बघू तरी काय जुगाड चाललंय," म्हणत टॉर्च मारून त्याने गिअरबॉक्सच्या आत डोकावून बघितलं. नरध्वजने त्याला चहा विचारला नाही.

गिअरबॉक्स चढला आणि नरध्वज फुर्बाला मागे बसवून बाजाराच्या वरच्या वळणावर गेला. पहिला गिअर छान. दुसरा तर असा पडला की नरध्वजला गहिवरून आलं. वळणावर त्याने पाय सैल केला.

खट्.

गाडी मागे निघाली. फुर्बाने उडी मारून चाकाखाली दगड घातला. नरध्वजचा हात सवयीने शेजारच्या सीटकडे गेला, सीट रिकामी होती.

"काय काय विकलंस?" त्याने फुर्बाला विचारलं.

"काय?"

"माझी चाकं काढून दुसरी घातलीस. बोल!"

"अरे, ह्या खटाऱ्याची चाकं फुकट दिली तरी कोण घेईल?" फुर्बाचा आवाज चढला. "चल, खोलून दाखवतो."

परत गिअरबॉक्स उतरला, परत खोलला. सगळी चाकं जागच्या जागी होती, आणि प्रत्येकावर लाल ठिपका होता. फुर्बाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय? गोवर आलाय का याला?"

"ती... खूण आहे."

"कसली खूण?"

नरध्वज छपराकडे बघायला लागला. फुर्बाला उमगलं तसा त्याचा चेहरा उतरला. "तुझ्या बापाची गाडी माझ्या बापाने दुरुस्त केली, तुझी मी करतो," तो म्हणाला. "आणि तू मला ठिपके लावतोस." मग नरध्वजचं स्टूल उचलून त्याने बाहेर रस्त्यावर ठेवलं.

जोडणी झाली. गिअर पुन्हा सुटला. तेव्हा फुर्बाने बाजूचे बोल्ट काढून स्प्रिंगा बाहेर घेतल्या आणि तळहातावर ठेवून नरध्वजच्या नाकापुढे धरल्या. दोन जाड, ठिपकेवाल्या. तिसरी बारीक, बिनठिपक्याची, बोटाने दाबली की आडवी होणारी.

"ही टॉर्चमधली आहे. मला चष्म्यातून दिसली नाही, ही माझी चूक. पण ही इथे आली कशी?"

"बघितलंस!" नरध्वजला आनंदच झाला. "माझा ठिपका कामी आला की नाही?"

"आला. आता जा आणि ठिपकेवाली शोध."

फुर्बा टॉर्च वापरत नव्हता, तारेला टांगलेल्या बल्बखाली काम करायचा. मग टॉर्च घेऊन कोण आलं होतं? नरध्वजने पुरावा मुठीत आवळला आणि तो थेट टीकारामच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. तिथे चारचौघं चहा पीत बसले होते.

"टॉर्च दाखव."

"दिवसाढवळ्या?" टीकारामने विचारलं.

"दाखव म्हणतो ना!"

टीकारामने टॉर्च आणली आणि नरध्वजच्या तोंडावर लखकन मारली. चारचौघं हसले. "घे बघून. पण झालंय काय तुला?"

"मला सगळं माहितेय! चाचणीत गिअर सुटावा आणि माझा नंबर जावा, हाच डाव आहे तुझा!"

"कसली चाचणी?" टीकाराम म्हणाला.

त्याला खरंच माहीत नव्हतं. आता झालं. टीकारामने अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो तडक सुब्बाकडे गेला. तासाभरात बाजारात बातमी पसरली. चाचणी लपून का, सगळ्यांसमोर व्हायला पाहिजे, असा टीकारामचा आग्रह. सुब्बाने वैतागून सांगितलं, "उद्या सकाळी. संपवा एकदाचं."

नरध्वज घरी आला तेव्हा दिवे गेले होते आणि धुक्याने घरात अंधार केला होता. इंद्रकला बहिणीकडे गेली होती. त्याने फडताळावर हात फिरवून घरातली टॉर्च घेतली. ती लागेना. मागचं झाकण अर्धवट बसलेलं, वर दोरा गुंडाळलेला. त्याने दोरा सोडला.

फाट्! काहीतरी उडालं, त्याच्या कपाळावर बसलं, पत्र्याला लागून खाली पडलं आणि चुलीपाशी गडगडलं. निखाऱ्यांच्या उजेडात त्याने ते उचललं. जाड स्प्रिंग होती. तिच्यावर लाल ठिपका होता.

आधी त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरभेदी! मी जगभर संशय घेत फिरतो, आणि ही माशा वारता वारता... उद्या नंबर गेला तर खाणार काय? मग त्याच्या लक्षात आलं, नंबराचं तिला सांगितलं कुठे होतं? तिला आपण एवढंच सांगितलं होतं, की घरी बस.

तो चुलीपाशी बसला. वरच्या वाटेवर सगळे हाक मारतात ती तिला. तुमलिंग गावची म्हातारी रस्त्यात आडवी उभी राहायची ती इंद्रकलेशी बोलायला. कुणाचं औषध, कुणाची लोकर, कुणाचा निरोप, सगळं पुढच्या सीटवरून चालायचं. आणि आपण? वळणावर गाडी मागे निघाली तेव्हा हात आधी रिकाम्या सीटकडे गेला होता, आणि आपण त्याचाही दोष गिअरला दिला. तिच्याशिवाय त्या चढावर जायची आपल्याला भीती वाटते. हे समजल्यावर नरध्वजला स्वतःचाच राग आला, आणि मग रडू. त्याने नाक पुसलं, खिशातली बारीक स्प्रिंग टॉर्चमध्ये घातली, झाकण लावलं आणि जाड स्प्रिंग खिशात टाकली.

इंद्रकला धापा टाकत आत आली. "बुढा! उद्या चाचणी आहे म्हणे? नंबर जाणार म्हणे? मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो."

"कधी? नंबर गेल्यावर?" तिचा आवाज रडवेला झाला. तिने फडताळावर झडप घातली. "टॉर्च द्या. मला आत्ताच्या आत्ता फुर्बादाजूकडे जायचंय."

तिने टॉर्च हातात घेतली, आणि सवयीने बटण दाबलं. टॉर्च लागली. लख्ख उजेड भिंतीवर पडला. इंद्रकला त्या उजेडाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे, त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे.

"ही... बिघडली होती ना?"

"असेल. आता बरी आहे." नरध्वज चुलीकडे बघत म्हणाला. "वाढ. भूक लागलीये."

पहाटेच तो फुर्बाच्या दारात उभा राहिला. फुर्बाने स्प्रिंग बघितली, ठिपका बघितला, टेंगूळ बघितलं.

"कुठे सापडली?"

"पडली होती."

"कुठे पण?"

"फुर्बा, तू मिस्त्री आहेस की पोलीस?" नरध्वज म्हणाला, आणि मग खाली मान घालून, "चुकलं माझं. ठिपके लावायला नको होते."

"बस आता," फुर्बाने स्टूल रस्त्यावरून उचलून आत आणलं.

चाचणीला सगळा बाजार जमला होता. सुब्बा मागे बसला, टीकाराम न बोलावता त्याच्या शेजारी. वरच्या चित्रे गावापर्यंतची सगळी वळणं झाली, पाय सैल करून झाला, घट्ट करून झाला. गिअर हलला नाही. टीकारामने मागून वाकून दांड्याला दोनदा हिसकासुद्धा देऊन पाहिला. खाली आल्यावर सुब्बाने हात झटकले. "नंबर पक्का. आणि दाजू, लगेच वर जायचंय. पाच पाशिंजर आहेत. त्यातला हा बाबू पुढच्या सीटचे जास्त द्यायला तयार आहे."

इंद्रकला चहाच्या टपरीपाशी शाल गुंडाळून उभी होती. ती गाडीकडे आली नाही. बाबूने पुढचं दार उघडलं.

"बाबू, मागे बसा," नरध्वज म्हणाला.

"का? गिअर तर ठीक आहे ना?" सुब्बाने डोळे बारीक केले. "का अजून सुटतो?"

सगळा बाजार ऐकत होता, आणि टीकारामने तर मान लांब केली होती. नरध्वजने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"गिअर ठीक आहे. ती सीट विकायची नाही."

"का?"

"सवय आहे."

"कुणाला?"

"गाडीला," नरध्वज ओरडला. "ए बुढी! येतेस का मी जाऊ?"

इंद्रकला आली, बाबूला बाजूला सारून चढली आणि दार आपटून बसली. गाडी बाजारातून निघाली. पहिल्या चढाला नरध्वजने दुसरा टाकला, आणि तिचा हात दांड्यावर आला. दांडा जमिनीत पुरलेल्या खांबासारखा घट्ट होता. हे जगात कुणाला कळायचं तर तिलाच कळणार होतं. नरध्वजने समोरच्या धुक्यावरून नजर हलवली नाही. वळण आलं. गेलं. दुसरं आलं.

"आज फारच ओढतोय मेला," इंद्रकला म्हणाली.

"मग घट्ट धर," नरध्वज म्हणाला.