श्रीपतअण्णांचे आठवडे

सोमवारी सकाळी साडेसातला बेल वाजली की आमच्या घरात दुसरं कुणी जागचं हलत नसे. येणारा माणूस माझ्याकडेच यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारात समोरच्या घरातले श्रीपतअण्णा. नमस्कार नाही, चौकशी नाही. "हात पुढं कर, वीणव्वा," एवढंच. मी हात पुढे केला आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक काबुली चणा ठेवला. "ह्या आठवड्याला एवढं हाय बघ," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. हा पहिला सोमवार.

एवढं म्हणजे माझ्या पोटातलं मूल. पुढच्या सोमवारी राजमा आला, त्याच्या पुढच्या सोमवारी द्राक्ष.

खरं तर तीन महिने कुणाला काही सांगायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. त्यांनी तो इतक्या काटेकोरपणे पाळला की दूधवाला, इस्त्रीवाली, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि धारवाडची त्यांची बहीण एवढ्यांनाच ती बातमी कळली. अण्णा पाचवे. पण बाकीच्या चौघांनी निदान तोंडावर तरी काही माहीत नसल्याचं सोंग केलं. अण्णांनी दुसऱ्या सोमवारी जाता जाता गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही सांगितलं, "आज राजमा!" त्यानंही मान डोलावली. त्याला काय कळलं, देव जाणे.

अण्णांचं दुर्गदबैलाच्या बाजारात चाळीस वर्षं धान्याचं दुकान. आता ते त्यांचा पुतण्या रमेश चालवतो, आणि तो ते किती चुकीचं चालवतो हे अण्णा रोज जाऊन गिऱ्हाइकांना समजावून सांगतात. दिसेल तो दाणा चिमटीत धरून चोळल्याशिवाय त्यांना राहवत नाही. लग्नात अक्षता वाटल्या की अख्खा मांडव मंगलाष्टकं ऐकत असतो आणि अण्णा शेजारच्याला सांगत असतात, "तांदूळ जुना हाय." त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "डोळ्याचं काय खरं नव्हे. हातात घेऊन बघ." सोनोग्राफीचा फोटो मी कौतुकानं दाखवला, तर त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. "ह्या ढगात काय कळतंय? हे घे." आणि लिंबू पुढे केलं. "नखं यायलीत आता त्याला. एवढी एवढी."

ही माहिती ते दुर्गदबैलातल्या पदपथावर मिळालेल्या एका कन्नड पुस्तकातून आणत. पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलेलं, लेखक अज्ञात, पण अण्णांचा विश्वास ठाम. कुठल्या आठवड्यात बोटं सुटी होतात, कुठल्या आठवड्यात भुवया येतात, हे ते भाव सांगावा तसं धडाधडा सांगत. माझ्या मोबाइलमध्येही याच कामाचं एक ॲप होतं. ते मला आठवड्याला एकेक फळ दाखवायचं, पण त्याची सगळी फळं परदेशातली. पहिल्या सोमवारी, चणा आला त्या दिवशी, ॲपमध्ये ऑलिव्ह होतं.

"ऑलिव्ह कुणी बघितलंय?" अण्णा म्हणाले. "दुर्गदबैलात दाखव मला एक. जे हातात घेता येत नाही, ते सांगून काय उपयोग?"

हा मुद्दा मला पटला. पण दुसरा एक घोळ होता. अण्णांचा आठवडा माझ्या आठवड्याच्या नेहमी दोन पावलं मागे असायचा. डॉक्टर म्हणाल्या अकरा, की अण्णांचे नऊ. डॉक्टर म्हणाल्या बावीस, की अण्णा विसाव्याचं केळं घेऊन हजर. एकदा मी समजवायला गेले. डॉक्टरांचा हिशेब नेमका कुठल्या दिवसापासून सुरू होतो, हे सत्तरीच्या पुरुषमाणसाला सांगायचं कसं? मी घसा खाकरला, मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं. नवरा फ्रीजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होता. शेवटी अण्णाच म्हणाले, "असू दे की. माझं मला बरोबर हाय." मी मनात म्हटलं, बरोबर आहे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं न ऐकलेला माणूस आता कुठे ऐकायला लागणार!

शिवाय चौकशा. उलट्या कुठल्या आठवड्यात थांबल्या? पहिली हालचाल कशी कळली, फुलपाखरासारखी की पोटात गुडगुडल्यासारखी? पाय सुजतात काय? रात्री कुशी कुठली? सासूबाईंनीही इतकं विचारलं नव्हतं. अण्णा ऐकायचे, मान हलवायचे आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. लोकांना दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी कळल्या की समाधान मिळतं. आमच्या अण्णांना दुसऱ्याच्या पोटातल्या लागत.

बाकी त्यांच्या स्वतःच्या घरात काही उरलंच नव्हतं. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगी, स्मिता. चार वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या सहकाऱ्याशी अण्णांना न विचारता लग्न केलं आणि विद्यानगरात संसार थाटला. त्या दिवशी अण्णा दारात उभे राहून जे बोलले, ते आमच्या निम्म्या केशवापूरनं ऐकलं असं म्हणतात. आम्ही तेव्हा इथे राहत नव्हतो, पण ते सगळं मला तीन निरनिराळ्या लोकांनी शब्दशः ऐकवलंय. तेव्हापासून विद्यानगर सिटी बसनं वीस मिनिटांवर असूनही अण्णांच्या लेखी परमुलूख झालं.

माझा सत्ताविसावा आठवडा लागला तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. अण्णांचा आवाज बसला. म्हणजे त्यांनीच तो बसवला. रोज सकाळी दूधवाल्याशी त्यांचं जे कडाक्याचं भांडण व्हायचं, ते एकदम कुजबुजत व्हायला लागलं. "आता त्याला ऐकू येतंय," त्यांनी माझ्या पोटाकडे बघून सांगितलं. "शिव्या कानावर पडू नयेत." मी हिशेब केला. ॲपच्या मते माझ्या बाळाला दोन आठवडे आधीपासून ऐकू येत होतं. याचा अर्थ दूधवाल्याच्या खानदानाचा उद्धार त्यानं चौदा दिवस व्यवस्थित ऐकला होता.

त्याच आठवड्यात मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. अण्णा भाकरी भाजत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दर सोमवारी पेन्सिलीनं आकडा घातलेला: तेवीस, चोवीस, पंचवीस. पुढे पानं उलटली तर चाळिसाव्याला गोल. माझ्या तारखेपेक्षा तोही दोन आठवडे पुढे. म्हटलं, म्हाताऱ्याची चूक एकदाची दुरुस्त करून टाकू. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली आणि पंचविसावर काट मारणार, एवढ्यात मागून ओरडणं आलं, "मुट्टब्याड!"

म्हणजे हात लावू नको. अण्णा फार चिडले की मराठी सोडतात. त्यांनी येऊन माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. तव्यावरची भाकरी करपली.

"ते तुझं नव्हे," ते म्हणाले.

"मग कुणाचं?"

अण्णांनी पेन्सिल परत भिंतीला लटकती सोडली. मग म्हणाले, "रमेशच्या बायकोला ती सगळं सांगते. रमेश मला सांगतोय."

मला समजायला वेळ लागला नाही, आणि समजल्यावर आधी आला तो राग. म्हणजे इतके महिने दर सोमवारी माझ्या हातावर ठेवलेला चणा, राजमा, लिंबू, केळं यातलं माझं काहीच नव्हतं! ते सगळं विद्यानगरचं, स्मिताच्या बाळाचं. पोतं उतरवून घेण्याआधी व्यापारी मूठभर वानगी काढून बघतो, तशी मी वानगी होते. मी दोन आठवडे पुढे चालणार, मला काय काय होतं ते अण्णा बघणार, आणि लेकीला आता काय होईल याचा अंदाज बांधत घरी बसणार. मी हे त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी नाकारलं नाही.

"तुझंबी बघत होतो की गं," एवढंच म्हणाले.

मग भाकरी तशीच टाकून ते पाटावर बसले. "पुस्तकात लिहिलंय, पोटात असताना जो आवाज सारखा ऐकतंय, तो जन्मल्यावर ओळखतंय म्हणून. तिच्या सासूचा ओळखेल. नवऱ्याचा ओळखेल. शेजारचं कुत्रं भुंकत असेल तर त्याचाबी ओळखेल. माझा कुठनं ओळखणार?"

तव्याखालचा गॅस मीच बंद केला. मी घरी आले.

पुढच्या आठवड्यात माझा कुबसा झाला. पुण्याकडे डोहाळजेवण म्हणतात, तेच. आमच्याकडे त्यात माहेरच्या हिरव्या खणाचा मान मोठा. तो झाला आणि दोनच दिवसांनी अण्णा आले. सोमवार नव्हता. हातात पिशवी, पिशवीत हिरवा खण.

"येत्या शुक्रवारी तिचा कुबसा हाय. सासरचे करायलेत. माहेरचा खण कोण देणार? तू नेऊन दे. माझं नाव काढू नको."

मी म्हणाले, "पिशवी मी नेईन, अण्णा. आवाज कोण नेणार?"

पिशवी माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मला वाटलं, संपलं. पण शुक्रवारी सकाळी नऊला खाली रिक्षा थांबली होती आणि आत अण्णा बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. आम्ही विद्यानगरला निघालो. रिक्षावाल्याला ते प्रत्येक खड्ड्याला सांगत होते, "सावकाश होगप्पा!"

स्मिताच्या घरापाशी आल्यावर अण्णा फाटकातच थांबले आणि कडी नीट लागते की नाही ते तपासायला लागले. कडी उत्तम होती. शेवटी मीच जाऊन बेल वाजवली. दार तिनंच उघडलं. ओले केस, हातात हिरवा चुडा, पोट माझ्याइतकंच पुढे. अनोळखी बाईकडे बघतात तसं तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं आणि दाराची चौकट धरली.

अण्णा दोन पावलं पुढे आले. चार वर्षांत त्यांनी काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं असणारच. ते सगळं विसरून त्यांनी विचारलं, "किती आठवडे झाले?"

"अठ्ठावीस," स्मिता म्हणाली. अंदाजे, आपण सगळ्या सांगतो तसं.

"सत्तावीस," अण्णा म्हणाले. "आणि चार दिवस."

तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिनं," अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तरी मी "हो" म्हणाले.

पण हे सगळं ते इतक्या हळू पुटपुटत होते की माझा धीर सुटला. "अण्णा, मोठ्यानं बोला. असं बोललात तर त्याला काय ऐकू जाणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीच्या पोटाकडे बघितलं. मग दुर्गदबैलाच्या गर्दीत हातगाडीवाल्याला हाक मारायचे तो आवाज काढून ओरडले, "मी श्रीपत! तुझा अज्जा! ऐकू येतंय काय?"

समोरच्या घराची खिडकी उघडली. स्मिता दचकली आणि तिनं पोटावर हात ठेवला. "लाथ मारली," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "आत या, अप्पा."

अण्णांनी चपला काढल्या. एक सरळ पडली, एक उलटी. दोघं मला दारातच विसरून आत गेली. खणाची पिशवी माझ्याच हातात होती. मी पायरीवर बसले आणि चांगलं मन भरेपर्यंत रडून घेतलं. तेवढा वेळ मला कुणी आत बोलावलं नाही, याबद्दल मी त्या दोघांची आभारी आहे.