आईचं माहेरचं नाव (गोपनीय)

या, मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलेल्या त्या गृहस्थांनाही हलवा. आज एका सज्जनाची गोष्ट सांगतो, जो बँकेत गेला आणि तिथे तो ‘तो’ निघाला नाही.

माणूस कोण आहे, ही त्याची ओळख नव्हे. तो कोण आहे याबद्दल बँकेत जे नोंदलेलं असतं ते त्याला पाठ असणं, ही त्याची ओळख. ‘मी कोण?’ या प्रश्नापायी साधुसंतांनी जन्म वेचले. पुढे देशाची बाजारपेठ खुली झाली आणि बँकांनी हाच प्रश्न फोनवर, तीन प्रयत्नांत सोडवून देण्याची सोय केली. प्रगती म्हणतात ती आणखी काय असते?

हैदराबादच्या आबिड्समधली एक बँक (नाव सांगत नाही, सुरक्षेचं कारण आहे) या कामी फार पुढारलेली होती. तिथे ग्राहकाभोवती संरक्षणाची पाच कडी असत. पासवर्ड. पासवर्ड विसरल्यावरचा पासवर्ड. जन्मतारीख (शाळेतली, खरी चालत नाही). आवडता रंग. आणि सगळ्यांत आतलं, अभेद्य असं, आईचं माहेरचं नाव. हे शेवटचं कडं विलायतेहून आलं. तिकडे म्हणे कोणी कोणाच्या आईची चौकशी करत नाही. हैदराबादेत दोन मराठी माणसं भेटली की चहा उकळायच्या आत एकमेकांचं आजोळ शोधून काढतात, ही गोष्ट बँकेच्या पाहणीत आली नव्हती. (पाहणी इंग्रजीत होती.)

मलकपेठेचे एकनाथराव हे या बँकेचे भाविक ग्राहक. सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर जन्माची सगळी पुंजी त्यांनी इथेच वाहिली. एका सकाळी नारायणगुड्याच्या एटीएमने त्यांचं कार्ड परत दिलं. पैसे नाहीत असं यंत्राचं म्हणणं नव्हतं. एकनाथराव नाहीत, असं होतं.

त्यांनी शाखेला फोन लावला. आधी रीतसर पूर्वरंग झाला: एक दाबा, दोन दाबा, मग बराच वेळ सतार. उत्तररंगाला पल्लवी मॅडम आल्या. सुरक्षा विभाग त्यांच्याकडे होता.

“सर, आईचं माहेरचं नाव?”

“अरे वा, मॅडम, तुम्ही मराठी!” एकनाथराव पैसे विसरले. “मूळच्या कुठल्या? आजोळ कुठलं तुमचं?”

“पुणे. आजोळ गोपनीय आहे. सर, आईचं माहेरचं नाव?”

“बिरादार.”

“चुकलं.”

“चुकलं कसं? माझे मामा हिम्मतराव बिरादार भालकीला चांगले खडखडीत आहेत!”

“आडनाव नको, सर. नाव.”

“तारामती.”

“चुकलं. शेवटचा प्रयत्न.”

“नक्को हो मॅडम, असं परेशान करू! अख्खी मलकपेठ ओळखते त्यांना. तारामतीकाकू म्हणून विचारा कुणालाही.”

“तारामतीकाकू,” पल्लवी मॅडमनी टंकलं. “चुकलं. धन्यवाद, सर.”

एकनाथराव रिक्षा करून आबिड्सला पोचले. तिथे त्यांना सगळं प्रेमाने समजावण्यात आलं. मागच्या आठवड्यात एकनाथरावांनी फोन केला होता. सगळी उत्तरं बरोबर दिली, मोबाइल नंबर बदलून घेतला आणि सगळी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवायला सांगितली.

“तो मी नव्हतो!”

“तेच म्हणतेय मी,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. “तुम्ही ते नाही.”

बँकेचा विचार सरळ होता. एक एकनाथराव नम्र, हजरजबाबी, फोन ठेवताना ‘शुभ दिवस’ म्हणणारे. दुसरे घामाघूम, आवाज चढवणारे आणि स्वतःच्या आईचं नाव तीनदा चुकणारे. यांतला ग्राहक कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा पहिल्यांचं दुसऱ्यांपासून रक्षण करणं हे बँकेचं कर्तव्य ठरलं, आणि केशवराव वॉचमन बंदूक घेऊन जरा जवळ येऊन उभे राहिले. (बंदुकीत गोळी नव्हती. तेही सुरक्षेच्याच कारणाने.)

पुंजी चालली, या धास्तीने एकनाथराव तसेच घरी गेले आणि आईलाच घेऊन आले.

“काकू, इथं बसा. हळू.”

“सर,” पल्लवी मॅडमची भुवई वर गेली, “या तुमच्या आई की काकू?”

“आईच. एकत्र घर होतं, चुलतभाऊ काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणतो.”

मॅडमनी ‘नातं: अनिश्चित’ अशी नोंद केली आणि म्हाताऱ्या बाईंकडे वळल्या. “आजी, तुमचं माहेरचं नाव?”

“जयवंता.”

पडद्यावर हिरवा रंग आला.

“जयवंता?” एकनाथराव म्हणाले. “काकू, हे मला ठाऊकच नाही.”

“तू कधी विचारलंस? लग्नात तुझ्या अप्पांनी ताटातल्या तांदळात तारामती लिहिलं, तेव्हापासून मी तारामती. खातं काढायला बँकेतला तो अनिल घरी आला होता ना, तू फोटो शोधायला आत गेलास, तेव्हा त्याने विचारलं आणि लिहून घेतलं. आणि आता पंधरा दिवसांमागे त्या फोनवरच्या लेकरानं.”

“कुठल्या लेकरानं?”

“बँकेतल्या. काय गोड मराठी रे त्याची! जेवलात का म्हणाला. गुडघे कसे आहेत म्हणाला. तुझी शाळेतली जन्मतारीख विचारली, आवडता रंग विचारला, म्हणाला वाढदिवसाला फोन करतो. मग म्हणे, आजी, माहेरी तुम्हाला काय म्हणायचे? म्हटलं, जयवंता. तर तो मला जयाआजीच म्हणायला लागला बघ. इतक्या वर्षांनी कुणी त्या नावानं हाक मारली.”

पल्लवी मॅडमचे हात थोडा वेळ टंकायचे थांबले. बँकेच्या तपासात याची नोंद नाही.

पैसे वाचले. नम्र एकनाथरावांनी सांगितलं त्या दिवसापासून बँकेचा पैसे बाहेर पाठवणारा सर्व्हर बंदच होता. पुढे बँकेने ‘सर्व्हर बंद’ हे संरक्षणाचं सहावं कडं म्हणून जाहीर केलं आणि शाखेत मोठी पाटी लावली: ‘आईचं माहेरचं नाव कोणालाही सांगू नका.’ शहरातले बहुतेक मुलगे हा नियम फार कडक पाळतात. इतका, की त्यांनी ते स्वतःलाही सांगितलेलं नसतं.

परतीच्या रिक्षात एकनाथरावांनी काकूंना नीट टेकवून बसवलं. मग म्हणाले, “काकू, भालकीला तेव्हा पोरींची शाळा होती का हो?”

“हौ, होती की!” आणि जयवंताबाई जे बोलू लागल्या ते मलकपेठ आली तरी थांबेनात. रिक्षावाला म्हणाला, “साब, अम्मा को बोलने दो. जल्दी क्या है.”

तर मंडळी, आता डोळे मिटा आणि आपल्या आईचं नाव आठवा. लग्नानंतरचं नको. त्याच्या आधीचं. आठवत नसेल तर घाबरू नका. तुमचं खातं निदान तुमच्यापासून तरी सुरक्षित आहे. पण कुणा गोड बोलणाऱ्याचा घरी फोन येण्यापूर्वी एकदा तिच्याजवळ बसा, नाव विचारा, आणि त्या नावाच्या मुलीची आठवण ठेवा.